वस्तऱ्याने दाढी शिकताय? गुळगुळीत गालाचा हट्ट आधी सोडा

उघड्या वस्तऱ्याने घरीच दाढी करायला शिकणारा माणूस घाबरतो ते कापून घ्यायला. प्रत्यक्षात त्याला छळते ती जळजळ. पहिल्या आठवड्यात गाल लाल होतो, मानेवर पुरळ येते, घाम आला की चुरचुरते. मग ‘आपली त्वचाच नाजूक’ असे ठरवून तो एक तर वस्तरा कपाटात टाकतो किंवा महागडे लोशन आणतो. बहुतेक वेळा दोष त्वचेचा नसतोच.

वस्तरा केस कापतो तसा कातडीचा वरचा पातळ थरही खरवडतो. किती खरवडायचा, हे हातावर अवलंबून. कार्ट्रिज रेझरमध्ये पात्याचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो, वस्तऱ्यात ते काम मनगटाचे. पाते गालाशी साधारण ३० अंशांत हवे. कोन वाढला की ते कापते, फार सपाट झाले की केस ओढते. वर्षानुवर्षे कार्ट्रिज दाबून फिरवायची सवय असलेला हात वस्तराही दाबतो. वस्तऱ्याला स्वतःच्या वजनापलीकडे फारसा दाब लागत नाही. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणे मात्र आवश्यक. इथेच नवखे लोक आळस करतात.

दाब वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे बोथट धार. ऑनलाइन मिळणारे अनेक स्वस्त वस्तरे दिसायला झकास असतात, पण दाढीजोगी धार त्यांना नसते. कागद कापला म्हणजे दाढी होईल, असे नाही. वस्तऱ्याची धार बारीक दगडावर, जाणकाराकडून लावून घ्यावी लागते. गल्लीत येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर सुरी द्यावी, वस्तरा देऊ नये. शिवाय प्रत्येक दाढीआधी तो चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा असतो, आणि तोही पाठीच्या दिशेने ओढत. धारेच्या दिशेने ढकलला तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते.

आपल्याकडच्या सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा असतो. एकाचे रक्त दुसऱ्याला लागू नये यासाठी ते योग्यच आहे. तो स्वस्त, धार लावायची कटकट नाही, म्हणून शिकणाराही तोच आणतो. पण हे हत्यार हलके, पाते अतिशय तीक्ष्ण. चुकीला माफी कमी. सलूनमधल्या कारागिराचा हात रोज कितीतरी गालांवरून फिरून तयार झालेला असतो. त्याची सफाई पहिल्याच महिन्यात मागणे म्हणजे स्वतःच्या गालावर अन्याय.

म्हणून जळजळीवरचा खरा उपाय कमी दाढी करणे हाच. पहिले काही आठवडे फक्त गाल वस्तऱ्याने, हनुवटी आणि मान नेहमीच्या रेझरने. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने एकदाच वस्तरा फिरवायचा. मानेवर ही दिशा ठिकठिकाणी बदलते, ती आधी बोटांनी चाचपून पाहावी. उलट्या बाजूने फिरवून आरशासारखा गाल करण्याचा मोह टाळावा. थोडी खुंटे राहिली तर राहू द्यावीत, ऑफिसात कुणी गालावर हात फिरवून पाहत नाही. गाल लाल असेल तर तो शांत होईपर्यंत दाढीला सुट्टी.

तयारीत सर्वात स्वस्त गोष्ट म्हणजे कोमट पाणी. आंघोळीनंतर केस भिजून मऊ झालेले असतात, तेव्हाच दाढी करावी. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही. तिथे फेसापुरते पिण्याचे पाणी वापरले तरी फरक जाणवतो. फेस वाळलेल्या जागी वस्तरा पुन्हा फिरवणे हे तर जळजळीला आमंत्रणच.

दाढीनंतर थंड पाणी. तुरटीने बारीक कापल्याचे रक्त थांबते, पण ती त्वचा कोरडी करते. त्यामुळे ओली करून हलकेच फिरवावी आणि धुऊन टाकावी. ती जिथे जास्त झोंबते, तिथे हात जड पडला, एवढे शिकण्यासारखे. नंतर सुवास नसलेले साधे मॉइश्चरायझर पुरते.

धोका सुरू होतो तो मेडिकलच्या काउंटरवर. ‘दाढीने पुरळ आले, क्रीम द्या’ म्हटले की अनेकदा स्टिरॉइड असलेले मलम हातात पडते. एका रात्रीत लाली जाते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. दीर्घ वापराने चेहऱ्याची त्वचा पातळ होते, मुरुमे येतात आणि मलम थांबवताच लाली दुप्पट होऊन परतते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध आणले. तरी काउंटरवरची सवय सुटलेली नाही. साधी जळजळ दोन-तीन दिवसांत शमते. पू, वाढती सूज किंवा ताप असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे.

कुरळ्या केसांच्या माणसाची गोष्ट वेगळी. फार जवळून कापलेला कुरळा केस वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि तिथे फोड येतो. त्याने फोड असताना दाढीच बंद ठेवावी, केस सुईने उकरू नये. एवढे करूनही दर वेळी फोड येत असतील, तर वस्तऱ्याचा नाद सोडून ट्रिमरने एखादा मिलिमीटर खुंट राखलेला बरा.