घोडीचा कंस व दांडीचा कंस

जालन्यांतील जे विद्यार्थी सुटे भाग आणून विजेची गिटार स्वतः जोडूं पाहतात, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे : रंगापूर्वीं कंस जुळवा.

दांडीवरील पट्टी किंचित् वर्तुळाकार असते. फेंडरच्या जुन्या गिटारींत या वर्तुळाची त्रिज्या ७.२५ इंच, तर गिब्सनच्या बहुतेक गिटारींत १२ इंच असते. पहिल्या दांडीस दुसरीची घोडी जोडल्यास घोडीपाशीं कडेच्या तारा मधल्यांपेक्षां सुमारें पाऊण मिलिमीटर अधिक उंच राहतात. त्या खालीं आणाव्या तर मधल्या पडद्यांवर खरखरतात. मधल्या उचलाव्या तर कडेच्या बोटांस काचतात. मग दोष येतो तो शिकणाऱ्या मुलाच्या हातास, आणि वाद्य खुंटीस लागतें. हा उघड अन्याय होय.

मिरजेचे कारागीर सतारीची घोडी कानसून जवारी काढण्यांत निष्णात. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें. तो धडा आम्हीं घ्यावा. पट्टीच्या कंसाचा पुठ्ठ्याचा साचा कापून घोडीजवळ तारांवर ठेवावा. तो नीट टेकत नसेल, तर घोडीच्या कडेच्या खांचा बेतानें कानसाव्या, किंवा प्रत्येक तारेची उंची निराळी बदलतां येईल अशी घोडी घ्यावी.

आधीं वाद्याची परीक्षा, मग मुलाची. हाच न्याय्य क्रम, असें आमचें मत आहे.