नांग्या वेळेवर भरा, शेतातल्या आणि शाळेतल्याही



दारव्हा तालुक्यात पऱ्हाटी उगवून आली की आठ-दहा दिवसांत आपण तासातासाने फिरतो आणि बी उगवले नसेल तिथे नांग्या भरतो. महिनाभराने लावलेले झाड शेजारच्या झाडाखाली दबते, हे कुणाला सांगावे लागत नाही. पण आपल्याच मुलाच्या अभ्यासातली नांगी मात्र आपल्याला दहावीच्या निकालादिवशी दिसते.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली देशातील खेड्यांमधल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांना तपासले. चारातल्या एकाला दुसरीचा उतारा आपल्या भाषेत नीट वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. ज्याला भागाकार येत नाही, त्याला नववीचे बीजगणित शिकवणे म्हणजे खडकावर पेरणी.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे तो सांगतो. पण त्याचा आधार आठवीपर्यंतच. नववी-दहावीत हे काम मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तरच होते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती बहुजनांच्या, कुणब्याच्या पोरांसाठी. तेव्हा शाळेचे माप पहिल्या नंबरावरून नव्हे, शेवटच्या बाकावरून घ्यावे.

मुख्याध्यापकांनी काय करावे? जून-जुलैतच नववीच्या प्रत्येक मुलाचे वाचन, पाच ओळी लेखन आणि भागाकार तपासावा. मागे असलेल्यांचा रोज एक तास वेगळा घ्यावा आणि तो शाळेतल्या उत्तम शिक्षकाकडे द्यावा. दर महिन्याला पुन्हा तपासणी करावी. तास संध्याकाळी ठेवला तर एस.टी. निघून जाते आणि मुली घरी बसतात. म्हणून तो शाळेआधी ठेवावा, नाहीतर आगाराला पत्र देऊन गाडीची वेळ बदलून घ्यावी. पालकसभा बाजाराच्या दिवशी घेतली तर आई-बापही येतील.

आता आपली बाजू. वेचणीच्या दिवसांत पोराला शाळेतून काढू नका. सहामाहीनंतर बुडालेले दिवस भरून निघत नाहीत. त्याला 'ढ' म्हणू नका. शाळेत जाऊन गुरुजींना "पास होईल का?" असे न विचारता "त्याला नेमके काय येत नाही?" असे विचारा.

आणि तरीही नापास झालाच, तर वर्ष गेले असे समजू नका. २०१५ पासून नापास मुलांची फेरपरीक्षा निकालानंतर थोड्याच दिवसांत होते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेश मिळू शकतो. अडचण एवढीच की ही परीक्षा ऐन पेरणी-डवरणीच्या दिवसांत येते. त्याच वेळी पोरगा डवऱ्यामागे जातो आणि मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. तेवढे तीन-चार आठवडे एक मजूर जास्त लावा. मजुरीचा खर्च एका हंगामाचा आहे. सुटलेली शाळा मात्र जन्मभर सुटते.

निंदण उशिरा झाले तर पीक कमी येते, पण पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते. मुलाचे पंधरावे वर्ष पुन्हा येत नाही.