पाणी उपसण्याआधी

जुलै २०२२ मध्ये चंद्रपुरात इरईचे पाणी रहमतनगरसारख्या सखल वस्त्यांत शिरले. अशा वेळी लोकांची एकच मागणी असते : अग्निशमन दलाने पंप लावून पाणी काढावे. मागणी रास्त आहे. पण वर्धेला पूर असला की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. बाहेरची पातळी उतरेपर्यंत उपसलेले पाणी पुन्हा घरातच येते. म्हणून आधी माणसे बाहेर काढायची, मग रुग्णालय, वीज उपकेंद्र आणि पाणीपुरवठा केंद्र, आणि त्यानंतर घरे, असाच क्रम शहाणपणाचा.

२० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तळघरात २ मीटर पाणी म्हणजे ४ लाख लिटर. मिनिटाला १,००० लिटर उपसणारा पंपही जवळपास पावणेसात तास चालवावा लागतो. शिवाय आगीच्या बंबाचा पंप पाणी दाबाने फेकण्यासाठी असतो. गाळकचऱ्याने तो अडतो. पुरासाठी चिखलपाणी ओढणारे वेगळे पंप हवेत. तळघर एकदम रिकामे केले तर बाहेरच्या भिजलेल्या मातीच्या दाबाने भिंत खचू शकते. उपसा टप्प्याटप्प्यानेच करावा.

जिवतीसारख्या डोंगरी तालुक्यात प्रश्न वेगळा आहे. नाले भरले की रस्ता बंद होतो आणि गावालाच काम हाती घ्यावे लागते. खरा धोका येथे आहे. काठावर ठेवलेला पंप प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच पाणी ओढू शकतो. त्यामुळे खोल विहिरीत इंजिनच खाली उतरवण्याचा मोह होतो. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आत उतरलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. पेट्रोल वा डिझेलचे इंजिन विहिरीत, तळघरात किंवा बंद खोलीत कधीही चालवू नये. विजेचा पंप लावायचा तर महावितरणने पुरवठा सुरक्षित असल्याचे सांगितल्यावरच.

पाणी गेले म्हणजे संकट गेले असे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. चिखलात काम करताना गमबूट घालावेत, जखम झाकावी. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुराच्या पाण्यात होतो, हे डॉक्टरांना सांगावे. विहिरीतले गढूळ पाणी उपसून, नवे पाणी आल्यावर दर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकावी, तासभर थांबावे आणि ओटी चाचणीत क्लोरीन दिसल्यावरच पाणी प्यावे.

ग्रामपंचायतींनी मृगाआधीच पंप, दोर, गमबूट आणि ताजी ब्लीचिंग पावडर यांची तयारी ठेवावी. उघडी पडून राहिलेली जुनी पावडर निरुपयोगी असते. पूर आल्यावर या गोष्टींची यादी करायला वेळ मिळत नाही.