म्युनिकचा मग आणि नाशिक महामार्ग

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे,’ हे वाक्य सप्टेंबर-ऑक्टोबर आला की पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात जरा जास्तच कानावर पडते. पुण्यातल्या हॉटेलांत आणि बिअर गाळणाऱ्या मायक्रोब्रुअरींमध्ये या दिवसांत ‘ऑक्टोबरफेस्ट’च्या संध्याकाळी रंगतात. निळे-पांढरे झेंडे, अकॉर्डियनचे सूर, टेबलावर लिटरचा काचेचा मग. व्हिसा नको, विमानाचे तिकीट नको.

या भागाला जर्मनीचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. मर्सिडीज-बेंझच्या गाड्या १९९० च्या दशकात पिंपरीत तयार होऊ लागल्या. २००९ मध्ये हा कारखाना चाकणला गेला आणि त्याच वर्षी तिथे फोक्सवॅगनचा प्रकल्प उभा राहिला. त्याच साली पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तिची बिअर बनवणारा तंत्रज्ञही जर्मनच होता. कामानिमित्त जर्मनीला जाऊन आलेले इंजिनिअर या पट्ट्यात कितीतरी आहेत. तिथला उत्सव इथे साजरा करावासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तो आणताना अर्धाच आणला जातो.

मूळ उत्सव सुरू झाला तो लग्नानिमित्त. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेसे यांचा विवाह झाला. त्यानिमित्त म्युनिकबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. बिअरचे भव्य तंबू नंतर आले. आजही तिथे पाळणे आहेत, मुलाबाळांसह आलेली कुटुंबे आहेत, भाजलेली कोंबडी आणि खारट प्रेट्झेल आहेत. तंबूत बाकावर जागा मिळाल्याशिवाय सहसा बिअर मिळत नाही. म्हणजे बसायचे, खायचे, गप्पा मारायच्या आणि सोबत प्यायचे, असा तो क्रम आहे. इथे मात्र अनेकदा मगच मुख्य पाहुणा ठरतो.

त्या मगाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. उत्सवाच्या बिअरमध्ये साधारण ६ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे एक लिटरच्या मगात सुमारे ४७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम असते. तेव्हा एक मग म्हणजे दोन मोठे पेग आणि वर थोडे. दुकानात मिळणारी ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची ‘स्ट्राँग’ बाटलीही दोन पेगांच्याच बरोबरीची. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. ते फक्त ग्रॅम मोजते.

आणि ते मोजते सावकाश. निरोगी यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. कडक कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने दोन तासांत एक मग संपवला, तर उठताना त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ढोबळमानाने ६० मिलिग्रॅम अल्कोहोल असू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे. जर्मनीतल्या ५० पेक्षाही ती कडक आहे. दोन मग झाले तर निचऱ्याला दहा-बारा तास लागतात. म्हणजे रात्री दहाला घरी गेलेला माणूस सकाळच्या पहिल्या पाळीला मशीनपुढे उभा राहतो, तेव्हाही त्याच्या रक्तात अल्कोहोल असते.

शरीराचाही फरक आहे. त्याच वजनाच्या आणि उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयाच्या शरीरात चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणले. अल्कोहोल चरबीत नव्हे, पाण्यात विरघळते. चरबी जास्त म्हणजे पाणी कमी, म्हणून तेवढ्याच मगाने रक्तातले प्रमाण अधिक चढते. स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी खरे. त्यात इथे ऑक्टोबर हीट असते आणि अल्कोहोल लघवीवाटे शरीरातले पाणी घालवते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी बिअर घेतली, तर रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

पण म्युनिक आणि चाकणमधला सर्वांत मोठा फरक घरी परतण्याच्या वाटेचा आहे. तिथे उत्सवाच्या मैदानाला भुयारी रेल्वेचे स्वतंत्र स्थानक आहे आणि मैदानावरच वैद्यकीय मदत केंद्र आहे. पिंपरीहून स्वारगेटपर्यंत आता मेट्रो आहे, चाकणला ती नाही. तिथे रात्री जायचे ते नाशिक महामार्गाने, अवजड ट्रकांच्या गर्दीतून. मोठ्या साहेबांना ड्रायव्हर असतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्या इंजिनिअरकडे दुचाकी असते. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात सुट्टीच्या रात्री कोण येते, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

म्हणून असे कार्यक्रम बंद करा, असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने काही साधणार नाही. जे आणायचे ते पूर्ण आणावे. लिटरऐवजी ३०० मिलिलिटरचा ग्लास ठेवावा. आधी जेवण, मग बिअर. टेबलावर न मागता पाणी यावे. अल्कोहोलविरहित बिअर आता म्युनिकच्या तंबूंतही मिळते, ती इथेही सन्मानाने मिळावी. आणि प्रवेशाच्या तिकिटातच परतीच्या बसचे पैसे घ्यावेत. कंपनी कर्मचाऱ्यांसाठी अशी संध्याकाळ ठरवत असेल, तर तिने दुसऱ्या दिवशी पहिली पाळी ठेवू नये. कामावर येण्यासाठी बस देणाऱ्या कंपन्यांना हे अवघड नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. १९८८ पासून मद्याची नोंद कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे आणि बिअर त्याला अपवाद नाही. जो पीत नाही त्याने उत्सवासाठी सुरुवात करू नये. जो पितो त्याने संध्याकाळीच ठरवावे, रात्री गाडी कोण चालवणार. कोजागरीच्या रात्री गच्चीवर आटवलेल्या दुधाचा एक पेलाही लोकांना मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवतो. रंगत पेल्याच्या आकारावर ठरत नाही, हे या मातीला म्युनिककडून शिकावे लागत नाही.