ॲश-ट्रे नाही, वाटी आहे!

परवा एकाने मला सुनावलं, "धूर सोसत नाही तर बारमध्ये येता कशाला?" बरं, नाही येणार. माझं काही अडत नाही. पण त्या वेटरचं काय? दुपारपासून पार मध्यरात्रीपर्यंत तो त्याच बंद एसी रूममध्ये उभा. दहा टेबलांचा धूर त्याच्या छातीत. त्याला कुणी विचारलंय, तुला सोसतो का म्हणून?

अन् यात वाद कसला? २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेलात, बारमध्ये सिगारेट ओढायला देशभर बंदी आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. ३० किंवा जास्त आसनं असतील तर वेगळी स्मोकिंग रूम करता येते, पण २०१७ पासून तिथे काही सर्व्ह करायलाही मनाई. म्हणजे वेटरने आत जायचंच नाही. टेबलावर ॲश-ट्रे, काडेपेटी ठेवायची नाही. आपले परमिट रूमवाले भारी हुशार! ॲश-ट्रे नाही ठेवत, पाणी घातलेली स्टीलची वाटी ठेवतात. नियमात वाटी कुठे लिहिलीय? (ओढायला सोय होईल अशी कुठलीच वस्तू नको, असं लिहिलंय साहेब. वाचा की जरा.)

म्हणे धंदा बसेल. आयर्लंडने २००४ साली पबमध्ये बंदी घातली, तेव्हा तिथेही हीच ओरड झाली होती. बंदी आजही आहे, पबही आहेत. ओढणारे बाहेर जाऊन ओढतात, परत येऊन पितात.

आपल्या गावात बारमध्ये ही २०० ची पावती फाटलेली मी तरी आजवर पाहिली नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलीय का?