गणवेशाला महागाई भत्ता का नाही?

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीत शिकणाऱ्या मुलाच्या दोन गणवेशांसाठी समग्र शिक्षा योजनेतून ६०० रुपये मिळतात. म्हणजे एका जोडाला ३००. हा आकडा २०१८ चा. त्याआधी सर्व शिक्षा अभियानात दोन जोडांना ४०० रुपये होते आणि २०१० पासून तेही जागचे हलले नव्हते. मी बार्शीत शिवणकाम करते. मे-जूनमध्ये शाळेचे कपडे हाच माझा मुख्य धंदा असतो. ३०० रुपयांत काय बसतं हे मला कात्री हातात घेण्याआधीच कळतं, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला छत्तीस पन्ह्याचं सव्वा मीटर कापड लागतं. हाफ पँटला अठ्ठावन्न पन्ह्याचं पाऊण मीटर पुरतं. आमच्याकडे बऱ्यापैकी शर्टिंग मीटरला शंभराच्या आसपास आणि सुटिंग दीडशे-एकशे साठला मिळतं. कापडातच २४० रुपये गेले. उरलेल्या साठ रुपयांत कॉलरचं बकरम, खिशाचं कापड, बटणं, चेन, हूक, रीळ, काज करणाऱ्याचे पैसे आणि शिवणारीची मजुरी. नीट शिवलेला एक जोड माझ्याकडे साडेपाचशेला पडतो. त्यात मी कुणाला लुटत नाही.

मग ३०० रुपयांत गणवेश होतो कसा? तो होतो, मी रोज बघते. दुरुस्तीला आलेला असा एक शर्ट उलटा करून बघा. काखेतल्या शिवणीला जेमतेम पाव इंच माया सोडलेली असते. टीप लांब लांब मारलेली असते, इंचात बारा टाके हवेत तिथे सात-आठ. कापड विरळ विणीचं, त्यामुळे मुलाने हात वर केला की दोरा तुटायच्या आधी शिवणीपाशी कापडच सरकतं आणि तिथे जाळी पडते. मग आई दुकानात येते. ‘ताई, एवढी टीप मारून द्या की.’ टीप मारायला आत कापड तर हवं! आतून पट्टी लावून देते. दोन धुण्यांनंतर पट्टीच्या कडेला पुन्हा जाळी पडते.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते दुमडीचं. माझे सासरे मुलांच्या पँटला आणि मुलींच्या स्कर्टला दोन-अडीच इंचांची दुमड ठेवायचे. जून आला की ती उसवायची, इस्त्री करायची, नवी टीप घालायची, आणि त्याच गणवेशात पोर पुढची इयत्ता काढायचं. उसवलेल्या जागी गडद रंगाची एक रेघ राहायची, तिचं कुणाला काही वाटत नसे. आता स्वस्तातल्या तयार पँटची दुमड अर्ध्या इंचाची असते. मूल वाढलं की पँट संपली. कागदावर ३०० रुपयांचा गणवेश ३०० रुपयांचाच राहिला, पण दोन वर्षांचा कपडा सहा-आठ महिन्यांचा झाला. ही भाववाढ नाही तर काय आहे?

सासऱ्यांची बिलबुकं मी जपून ठेवली आहेत. १९८८ मध्ये लहान मुलाच्या शर्टाची शिलाई दहा रुपये आणि हाफ पँटची आठ. त्याच जोडाचं कापड पन्नास-पंचावन्न रुपयांचं. कापड महाग आणि हात स्वस्त, असा तो काळ. सदतीस वर्षांत कापड चार-पाच पट झालं आणि शिलाई सोळा-सतरा पट. याच काळात बाकीची महागाई कापडापेक्षा कितीतरी जास्त वाढली. म्हणजे कापड तुलनेने स्वस्तच झालं, हे मला मान्य आहे. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर कृत्रिम धाग्यावरचे कर उतरत गेले, पॉलिएस्टर स्वस्त झालं. भिलवाड्याचं सुटिंग आणि इचलकरंजी-भिवंडीच्या मागांवरचं कापड गावोगावच्या दुकानांत ताक्यांनी येऊ लागलं. पूर्वी दिवाळीला एकच जोड घेणाऱ्या घरांत वर्षाला तीन-चार जोड आले. गरीब घरातल्या पोरांच्या अंगावर धड कपडा आला, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण त्यावरून ‘कपडे काय, स्वस्तच आहेत’ असं जे म्हटलं जातं, तिथे माझं भांडण आहे. ती स्वस्ताई सुतात आणि मागात होती, ती एव्हाना वापरून झाली. हाताला स्वस्त होता येत नाही. शिवणाऱ्या बाईलाही तेल, गॅस, वीज आणि डॉक्टर आजच्याच भावाने लागतो. २०२२ मध्ये कापसाच्या रुईचा भाव खंडीला लाख रुपयांवर गेला. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना एका हंगामापुरते चार पैसे दिसले, ते त्यांना मिळायलाच हवे होते. कापड मात्र भराभर चढलं. त्या वर्षाच्या उत्तरार्धात देशातली कपडे आणि पादत्राणांची महागाई दहा टक्क्यांच्या घरात पोचली होती. पुढे कापूस उतरला, कापड त्या प्रमाणात उतरलं नाही. गणवेशाचे ६०० त्या वर्षीही ६००च होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. चांगलं झालं, पण शिवणारीच्या मजुरीतली तूट त्याने भरत नाही.

ती तूट कुणाच्या पदरात पडते, हे २०२४-२५ मध्ये उघड दिसलं. राज्याने त्या वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला, कापड वरून घ्यायचं आणि शिलाई महिला बचत गटांकडून करून घ्यायची असं ठरवलं. एका गणवेशाच्या शिलाईला वरखर्चासकट ११० रुपये. गटातल्या सरावलेल्या बाईने सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान मोडून चार जोड शिवले तर ४४० रुपये. त्यातून रीळ, बटणं, काज, वीज वजा केली की हातात सव्वातीनशे. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. शर्टाची कॉलर बसवायला शिकायला वर्ष जातं आणि त्या कौशल्याची किंमत खड्डा खणण्याच्या रोजापेक्षा पंचवीस-तीस रुपयांनी जास्त. अनेक ठिकाणी गटांनी काम घ्यायला नकार दिला, कित्येक शाळांत गणवेश महिनोन्महिने उशिरा पोचले. शेवटी २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. निर्णय योग्य होता. पण समितीच्या हातात पैसे तेवढेच, जोडाला ३००.

२०१८ पासून २०२५ पर्यंत सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांक साधारण चाळीस टक्क्यांनी वाढला. त्या हिशेबाने ६०० चे ८४० व्हायला हवे होते. ते न वाढवून सरकारने पैसे वाचवले असं कुणी म्हणू नये. ते मुलाच्या कपड्यातून आणि बाईच्या मजुरीतून काढून घेतले. बुटांचंही तसंच, एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मिळून १७० रुपये. कोणत्याही आईबापाने बाजारात जाऊन या पैशांत पावसाळा काढणारे बूट आणून दाखवावेत.

निर्देशांकाशी रक्कम जोडणं अवघड आहे, असंही नाही. त्याच शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांचा महागाई भत्ता निर्देशांकावरूनच ठरतो, आणि ते रास्तच आहे. त्याच मुलाच्या पोषण आहाराचा खर्च श्रम ब्यूरोच्या ग्रामीण किंमत निर्देशांकाकडे बघून वाढवला जातो. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे तो दिवसाला ६.१९ वरून ६.७८ रुपये झाला. वाढ पैशांतली आहे, अपुरी आहे, पण डाळ-तेल महागतं हे तिथे निदान मान्य आहे. मग त्याच मुलाच्या अंगावरचा कपडा महागतो, हे मान्य करायला काय हरकत आहे?

सहाशे रुपयांवर घरचे पैसे घालून आई चांगला गणवेश शिवून घेईल, असं सांगणारेही भेटतात. घालणारी घालतेच, ती माझ्याकडे येते. ऊसतोडीवरून मेमध्ये परतलेल्या घरात जूनमध्ये वरचे पाचशे रुपये नसतात. त्या घरची पोरं वर्गात कोणती, हे ऑगस्टनंतर त्यांच्या शर्टाकडे बघून ओळखू येतं. सगळी मुलं एकसारखी दिसावीत म्हणून तर गणवेश असतो ना?

शिक्षण खात्याला माझी विनंती आहे. दोन गणवेशांची रक्कम निदान ८५० रुपये करा आणि दरवर्षी एप्रिलमध्ये निर्देशांकाप्रमाणे वाढवा, म्हणजे जूनच्या आत कापड घेता येईल. शिलाईचा दर वेगळा लिहा, तो कापडाच्या दरातून कापू नका. केंद्र आपला वाटा वाढवेपर्यंत वरची रक्कम राज्याने द्यावी. आणि शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांना एक सांगणं आहे. गणवेश पसंत करताना रंग आणि बिल्ला बघू नका, कपडा उलटा करा, आतली माया आणि दुमड मोजा. अर्ध्या इंचाची दुमड असेल तर तो माल परत पाठवा.