न्यूनगंड कोणी पेरला?

दहावीचे निकाल लागले की सावनेरसारख्या तालुक्याच्या गावी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘मुलांत आत्मविश्वासच नाही.’ मग एखादा व्याख्याता बोलावला जातो, टाळ्या पडतात आणि शाळेतील गणित-शिक्षकाची रिकामी जागा रिकामीच राहते.

आत्मविश्वासाचा यशाशी संबंध आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आपल्याला जमणारच नाही असे ज्याने ठरवले, तो अवघड उदाहरण अर्ध्यावर सोडतो. दुसरा ते पुन्हा मांडून पाहतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली हा विचार मांडला, तेव्हाच त्यांनी सांगितले होते की या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार उपदेश नसून स्वतः काही साध्य केल्याचा अनुभव हा असतो.

परंतु अविश्वास येतो कोठून? कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यात सवर्ण व दलित शाळकरी मुलांना कागदावरची वाटकोडी सोडवायला दिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, जात उघड नव्हती तोवर दोहोंच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष जात पुकारताच दलित मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने घसरली. मुले तशीच, कोडीही तशीच!

याची उलट बाजू आपल्या नागपुरातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांसह लाखोंनी येथे धम्मदीक्षा घेतली, म्हणजे समाजाने लादलेली स्वतःविषयीची हीन कल्पनाच टाकून दिली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची साक्षरता ८३.१७ टक्के होती; राज्याची ८२.३४. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने येथे घाई करू नये. दीक्षेच्या जोडीला शिष्यवृत्त्या होत्या, वसतिगृहे होती, १९४५ साली स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी होती. नुसत्या मनोबलावर कोणी पदवीधर होत नाही. तथापि ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्यांनी राज्याची सरासरी ओलांडावी, हे केवळ अनुदानाचे फळ म्हणून उडवून लावता येणार नाही.

कोळसा खाणीतील कंत्राटी कामगारांची आणि संत्र्याच्या बागांत राबणाऱ्यांची मुले आज आपल्या तालुक्यातील शाळांत आहेत. कार्यकर्त्यांनी शिक्षकांच्या रिक्त जागांची यादी घेऊन पंचायत समितीत जावे, संध्याकाळी गणिताचे वर्ग चालवावेत. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी भरल्या वर्गात जातवार मुले उभी करण्याची रीत जेथे असेल, तेथे मुख्याध्यापकांना भेटून ती याच सत्रात बंद करवावी.